सकाळ आधी, खोली नंतर

मुक्कामाची जागा शोधताना बहुतेक जण आधी भाडं बघतात, मग फोटो, मग लोकांनी दिलेले तारे. तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या सकाळी सात वाजता मला कुठे असायचं आहे? कोलाडला नदीकाठी, पेणजवळच्या मूर्तींच्या कारखान्यात, पालीच्या बल्लाळेश्वरापुढे, की रोह्याच्या फलाटावर? हे ठरलं की निम्मी हॉटेलं यादीतून आपोआप गळतात, आणि उरलेल्यांचं भाडं, फोटो, तारे बघण्यात अर्थ उरतो.

या प्रकरणासाठी रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहा ही दोन तालुक्यांची गावं मुद्दाम घेतली आहेत. महाबळेश्वरला किंवा गोव्याला हॉटेल हाच सहलीचा अर्धा आनंद असतो; खोलीच्या सज्जातून दिसणाऱ्या देखाव्याचे पैसे आपण मोजतो. पेण-रोह्याला तसं नाही. इथे माणूस कामाला येतो, लग्नाला येतो, गणपतीची मूर्ती ठरवायला येतो, नदीत राफ्टिंगला किंवा गड चढायला येतो, आणि त्यापायी रात्र काढतो. देखाव्याची आणि चैनीची भुरळ नसल्यामुळे हॉटेलनं प्रवाशासाठी नेमकं काय करायचं असतं, ते इथे लख्ख दिसतं.

ओळखीकडून नोंदवहीकडे

पेण तालुक्यातल्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलते रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानावर आली होती. दक्षिणा मिळवायला निघालेले हे भिक्षुक बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लूटमार सोसून घरी परतले. त्यांनी लिहिलेली हकिगत चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावानं छापली. त्या काळचा प्रवासी उतरायचा तो धर्मशाळेत, देवळात, नाहीतर ओळखीच्या किंवा ओळख काढलेल्या गृहस्थाकडे. गाव, गोत्र आणि विद्या हीच त्याची ओळखपत्रं. या व्यवस्थेत आपुलकी होती, पण ज्याची ओळख निघत नसे किंवा ज्याची जात यजमानाला चालत नसे, त्याला ओसरीही मिळत नसे.

पैसे मोजून, नोंदवहीत नाव लिहून खोली मिळवायची पद्धत हळूहळू रुजली. सरायांच्या मालकांनी जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नोंदणी करावी असा कायदा इंग्रज सरकारनं १८६७ साली केला. पुढे मुंबईसारख्या शहरात मराठी माणसांच्या सोयीची लॉजेस निघाली. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथेच उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं निधनही तिथेच झालं.

खोलीला लागून न्हाणीघर ही आज गृहीत धरलेली सोय त्या मानानं नवी आहे. अमेरिकेत बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ साली जे हॉटेल उघडलं, त्यात साध्या गिऱ्हाइकाच्या खोलीलाही स्वतंत्र न्हाणीघर दिलं. खर्च आटोक्यात राहावा म्हणून त्यांनी शेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि दोन्हींचे नळ एकाच उभ्या पोकळीतून वर नेले. आपण ज्याला डक्ट म्हणतो ती ही पोकळी. तालुक्याच्या गावातल्या तीन मजली लॉजमध्येही आज हीच रचना असते, आणि रात्री शेजारच्या खोलीतली बादली आपल्या खोलीत वाजते तीही याच डक्टमुळे. खोली घेताना न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते की बाहेर, एवढं पाहिलं तरी वास आणि आवाज या दोन्ही तक्रारींचा अंदाज येतो.

दोन गावं, निरनिराळ्या सकाळी

आता नकाशा समोर घ्यावा. मुंबई-गोवा महामार्गावर भोगावतीकाठी पेण. पुढे वडखळला अलिबागचा फाटा फुटतो. नंतर नागोठणे, मग पालीकडे वळणारं वाकण, त्यापुढे कोलाड. रोहा महामार्गावर नाही. तिथे जायला नागोठण्याहून किंवा कोलाडहून आत वळावं लागतं. रेल्वे मात्र पेण, नागोठणे करत थेट रोह्यात शिरते. रोहा हे मध्य रेल्वेचं टोक. तिथून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे. दिवा-रोहा गाडी पेणला थांबते, लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या थांबत नाहीत. म्हणजे मोटारीनं येणाऱ्यासाठी सोयीचं हॉटेल वेगळं आणि रेल्वेनं येणाऱ्यासाठी वेगळं.

राफ्टिंगची सकाळ सर्वांत कडक वेळेची. कोलाडजवळ कुंडलिकेत पावसाळा सरल्यावरही राफ्टिंग होतं ते नदीच्या स्वतःच्या पाण्यावर नव्हे. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला उतरवलं जातं, तिथे टाटांचं १९२७ पासूनचं वीजकेंद्र आहे. वीज निर्माण करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि साधारण सकाळच्या वेळी नदी फुगते. पाणी वीजनिर्मितीच्या वेळापत्रकानं सुटतं, पर्यटकांच्या झोपेच्या वेळापत्रकानं नाही. तेव्हा राफ्टिंग करायचं असेल तर आदल्या रात्री कोलाड, सुतारवाडी, साजे या पट्ट्यात, फार तर रोह्यात राहावं. पेणला स्वस्त खोली मिळाली म्हणून तिथे उतरणारा पहाटे अंधारात महामार्गावर असतो.

मूर्तींची सकाळ संथ. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर म्हणावेत इतके आहेत. काम जवळजवळ वर्षभर चालतं: साचे, शाडू किंवा प्लॅस्टर, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. कारागीर कामाला बसल्यावर, म्हणजे सकाळी निवांत नाश्ता करून गेलं तरी चालतं. त्यासाठी पेणमध्येच, बाजाराच्या जवळ राहावं. पापड आणि पोहे घ्यायलाही तोच भाग सोयीचा.

पालीची सकाळ गर्दी टाळण्याची. अष्टविनायकातल्या बल्लाळेश्वराच्या देवळापाशी देवस्थानाचं भक्तनिवास आहे. दर्शन लवकर उरकून जवळच्या उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जायचं असेल, तर महामार्गावरच्या हॉटेलपेक्षा पालीतच राहिलेलं बरं. भक्तनिवासात साधेपणा गृहीत धरावा आणि तिथले नियम आधी विचारावेत.

रोह्याच्या सकाळी दोन तऱ्हेच्या. एक कामाची: धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि यंत्रं बसवायला, तपासणीला, मालाच्या व्यवहाराला येणारी माणसं गावातल्या लॉजमध्ये उतरतात. दुसरी भटक्यांची: मेढे किंवा पिंगळसईहून अवचितगड चढायचा, किंवा तळा-मांदाडच्या बाजूची कुड्याची बौद्ध लेणी पाहायची. गडाची वाट रानातून जाते. ऊन चढायच्या आत वर पोचायचं तर रोह्यात झोपलेलं बरं. दोघांनाही पोहण्याच्या तलावाचा काडीइतका उपयोग नाही. त्यांना हवा आहे सहा वाजता गरम पाण्याचा नळ आणि साडेसहाला चहा.

वार, तिथी आणि महिना

एकाच खोलीची किंमत वाराप्रमाणे बदलते, आणि शेजारच्या गावांत ती एकाच दिशेनं बदलत नाही. कोलाडची रिसॉर्ट्स शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मंडळींनी भरतात. औद्योगिक वसाहतीच्या गावातलं लॉज कामाच्या दिवशी भरलेलं असतं आणि शनिवारी संध्याकाळी सैल पडतं. शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्या माणसानं हे ध्यानात ठेवलं तर कोलाडमध्ये शनिवारच्या दरानं खोली घेण्यापेक्षा बारा-पंधरा किलोमीटरवर रोह्यात साध्या दरात राहता येतं, आणि नदी तरीही हाताशी राहते. शक्य असेल त्यानं सहल मंगळवार-बुधवारी काढावी. तीच खोली, तोच नाश्ता, पण भाव करायला वाव असतो आणि वाढपी आपल्या टेबलापाशी दोनदा येतो.

वारापेक्षा तिथी जबर. भाद्रपदातल्या गणेश चतुर्थीच्या आधीचे चार-पाच दिवस मुंबईतला चाकरमानी कोकणात उतरतो. सरकार या काळात महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतं, जादा एस.टी. आणि खास गाड्या सुटतात, तरी रस्ता तुंबतोच. त्या दिवसांत पेणचे कारखानेही शेवटच्या घाईत असतात; पाहुण्याशी बोलायला कुणाला उसंत नसते. मूर्तिकला पाहायची तर एक-दीड महिना आधी जावं: रंगकाम जोरात चाललेलं असतं आणि खोल्याही मिळतात. पालीला माघी चतुर्थी आणि अंगारकीला उसळणारी गर्दी, रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी आणि तिला मिळणारी पोलिसांची सशस्त्र मानवंदना, लग्नाचे मुहूर्त, मे महिन्याची सुट्टी, हे सगळं दिनदर्शिकेवर आधी पाहावं. सणासाठीच जायचं असेल तर खोली महिनाभर आधी पक्की करावी. सणाशी देणंघेणं नसेल तर तारीखच बदलावी.

महिन्यांत पावसाळा हा वेगळाच हिशेब. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो आणि अंबा, कुंडलिका, भोगावती या नद्या भरतीच्या पाण्याशी झगडत वाहतात. १९८९ च्या जुलैत अंबेच्या पुरानं जांभूळपाडा आणि नागोठण्याच्या परिसरात हाहाकार उडवला होता. नदीकाठची खोली एप्रिलमध्ये सुखाची, जुलैमध्ये मात्र तळमजला आणि नदीलगतचं पार्किंग या दोन्हींबद्दल स्पष्ट विचारावं. ‘गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं?’ या प्रश्नाला स्थानिक माणूस खरं उत्तर देतो.

खोलीचा भूगोल

गाव ठरलं, आता इमारत. पनवेल ते इंदापूर या टप्प्यात महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. उड्डाणपूल आणि बाह्यवळणं झाली तशी कित्येक जुनी हॉटेलं सेवारस्त्यावर राहिली. फोनमधला नकाशा हॉटेल ‘महामार्गाला लागून’ दाखवतो, पण उतरायची जागा चुकली की पुढे जाऊन वळून यावं लागतं. रात्री पोचणार असाल तर कुठल्या खुणेपाशी खाली उतरायचं, हे हॉटेलवाल्यालाच विचारावं. उपग्रहावरून घेतलेलं चित्रही बघावं. फोटोत न दिसणारा पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, वीटभट्टी किंवा खाजण त्यात दिसतं. मंगल कार्यालय शेजारी असेल तर लग्नसराईत बँड आपल्याच खिडकीखाली वाजणार, हे वेगळं सांगायला नको.

इमारतीत कुठली खोली मागावी याचे ठोकताळे साधे आहेत. महामार्गावर मागच्या बाजूची मागावी. ट्रकचे हॉर्न पहाटेही थांबत नाहीत. पावसाळ्यात सर्वांत वरचा मजला नको, कारण गळका स्लॅब. उन्हाळ्यातही नको, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो. लिफ्ट, स्वयंपाकघर आणि जनरेटर यांच्यापासून दूर. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिला मजला आणि कमोडची चौकशी. खाडी, खाजण आणि भातशेतीच्या मुलखात डासांची खात्रीच धरावी. खिडकीला जाळी आहे का हा प्रश्न एसीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

ताऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये. केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं, पण हे वर्गीकरण ऐच्छिक आहे; तालुक्याच्या गावातली बहुतेक लॉजेस त्या वाटेला जात नाहीत. बुकिंगच्या साइटवर दिसणारे तारे पुष्कळदा गिऱ्हाइकांनी दिलेल्या गुणांचे असतात. तिथल्या अभिप्रायांत पाच ताऱ्यांचं कौतुक आणि एका ताऱ्याचा संताप बाजूला ठेवून तीन ताऱ्यांचे वाचावेत. कारण त्यात काय जमलं आणि काय नाही हे दोन्ही लिहिलेलं असतं. आपण ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातले अभिप्राय शोधावेत. जानेवारीतल्या पाहुण्याला चादरीचा कुबट वास येत नाही.

निवडीच्या यादीत आणखी दोन पर्याय धरावेत. राज्याच्या पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, त्यात घरमालक आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात. आणि २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण मंजूर केल्यापासून शेतावरच्या मुक्कामाला रीतसर नोंदणीची चौकट मिळाली आहे. घरगुती मुक्कामात जेवण बहुधा उत्तम मिळतं. मात्र रात्री उशिरा येणं, मोठ्यानं गाणी लावणं असल्या गोष्टींना तिथे वाव नसतो.

फोन करावाच

साइटवर बुकिंग करण्याआधी हॉटेलला थेट फोन करावा. साइट हॉटेलकडून कमिशन घेते. थेट खोली देताना मालकाला तेवढं सुटतं, त्यातून कधी भाडं कमी होतं, कधी नाश्ता पदरात पडतो. त्याहून मोठा फायदा असा की, कुठल्याच साइटवर नसलेली माहिती मिळते. विचारायचे प्रश्न मोजके आहेत.

• गरम पाणी किती ते किती? गीझर खोलीत आहे की सोलरचं पाणी येतं?
• वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं, फक्त दिवा-पंखा की एसीही?
• खोली चोवीस तासांची की दुपारी ठरलेल्या वेळी सोडायची?
• रात्री बारानंतर पोचलो तर दार उघडायला कोणी आहे का?
• सकाळी किती वाजल्यापासून चहा-नाश्ता मिळतो? लवकर निघालो तर डबा बांधून देता का?
• त्या तारखेला तुमच्याकडे किंवा शेजारी लग्न, सण, बांधकाम आहे का?
• सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का? जादा गादीचे किती?

उत्तरांइतकाच बोलण्याचा सूर ऐकावा. ‘या हो, सगळं आहे,’ असं प्रत्येक प्रश्नाला म्हणणाऱ्यापेक्षा ‘साडेसातनंतर गरम पाणी मिळेल, आधी हवं तर रात्री सांगून ठेवा,’ असं म्हणणारा अधिक भरवशाचा.

आगाऊ पैसे पाठवताना मात्र सावध. रिसॉर्टच्या नावानं खोटा नंबर टाकून यूपीआयवर पैसे उकळण्याचे प्रकार होतात. नंबर दोन-तीन ठिकाणी पडताळावा, पूर्ण रक्कम आधी भरू नये, आणि पैसे हॉटेलच्या नावाच्या खात्यातच जात आहेत का ते बघावं. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

भाडं, कर आणि बिल

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. दोन हजारांच्या खोलीवर शंभर रुपये. हा कर घेणाऱ्याच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असायला हवा; क्रमांक नसेल तर कर मागण्याचा अधिकारही नाही. छोटी लॉजेस नोंदणीच्या मर्यादेखाली असतात. ती साधी पावती देतात आणि ते नियमातच आहे.

जेवणाच्या बिलात परस्पर जोडलेला ‘सेवा आकार’ सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. वाढप्याला खुशीनं द्यायचं ते त्याच्या हातात द्यावं. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे; बहुतेक वेळा तिचं नाव काढायचीही पाळी येत नाही.

ओळखपत्र दाखवावं लागतं, नोंदवहीत पत्ता आणि वेळ लिहावी लागते. आधारची प्रत देताना ‘मास्क्ड आधार’ द्यावा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात आणि तो आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. प्रौढ स्त्री-पुरुषांनी खोली घेताना लग्नाचा दाखला दाखवावा असा कोणताही कायदा नाही. पण लहान गावातली काही लॉजेस स्वतःचे नियम करतात, म्हणून दारात अवघडून उभं राहण्यापेक्षा फोनवरच विचारून घेतलेलं बरं.

खोलीत शिरल्यावर

पहिली पाच मिनिटं सामान सोडू नये. खोली बदलून मिळते ती याच पाच मिनिटांत. चादरीवर बसलो, न्हाणीघर वापरलं की मॅनेजरचाही नाइलाज होतो. नळ सोडून पाहावा, फ्लश ओढावा, पंखा आणि एसी लावावा, दाराची आतली कडी आणि खिडकीची बिजागरी तपासावी, गादीचा कोपरा उचलून ढेकूण नाहीत ना ते पाहावं, उशीचा वास घ्यावा. मोबाइलला रेंज आहे का, चार्जिंगचं बटण पलंगाजवळ आहे का तेही. खोलीबाहेर जिना कुठल्या बाजूला आहे आणि गच्चीचं किंवा मागचं दार उघडं असतं का, एवढं एकदा चालून बघावं. आगीत लिफ्ट चालत नाही आणि धुरात पाटी दिसत नाही.

काही खटकलं तर लगेच आणि नेमकं सांगावं. ‘खोली बेकार आहे’ यानं काही होत नाही. ‘न्हाणीघराचा नळ गळतो, वरच्या मजल्यावर मागची खोली रिकामी असेल तर द्या,’ यानं बहुधा होतं. गाऱ्हाणं खोली सोडताना सांगण्यात फक्त मनःस्ताप असतो, उपाय नसतो.

मॅनेजर आणि खोल्या आवरणारी माणसं ही त्या गावाची चालती-बोलती माहिती. नदीला पाणी किती वाजता सुटतंय, कुठल्या कारखान्यात बाहेरच्या माणसाला आत घेतात, गडाच्या वाटेवर सध्या गवत किती वाढलंय, रोह्याहून शेवटची एस.टी. कधी, हे त्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दहा मिनिटं काउंटरपाशी गप्पा मारल्या तर दुसरा दिवस सुरळीत जातो. नाव विचारावं, अहो-जाहो करावं. आवरायला येणारी बाई वयानं मोठी असेल तर मावशी म्हणावं.

ताटातला मुलूख

हॉटेलात मुक्काम म्हणजे तिथेच जेवलं पाहिजे असं नाही. आधी मेनूकार्डाची लांबी बघावी. पंजाबी, चायनीज आणि कोकणी असे शंभर पदार्थ छापलेल्या छोट्या स्वयंपाकघरात बहुतेक गोष्टी एकाच लाल रश्श्यातून निघतात. गावातल्या खानावळीत दोनच भाज्या असतात, पण त्या त्याच दिवशी केलेल्या. परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा. तो दिसला की निदान नोंद तरी आहे असं समजावं.

या मुलखात मागावं ते तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. मासे खाणाऱ्यानं जिताड्याची चौकशी करावी. खाडीच्या आणि खाजणातल्या तळ्यांच्या पाण्यातला हा मासा पेण-अलिबागकडे मोठ्या मानाचा, पण रोज मिळेलच असं नाही. म्हणून सकाळी सांगून ठेवावं. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, अंडी, बटाटे किंवा मसाला लावलेलं कोंबडं भरून वरून जाळ करायचा. शेतावरच्या मुक्कामाचं भाडं हॉटेलपेक्षा थोडं जास्त असलं तरी जानेवारीत एका रात्रीसाठी ते द्यावं, कारण पोपटी अंगणात लागते, चौथ्या मजल्यावर लागत नाही.

खोली सोडतानाचे तास

खोली अकरा-बाराला सोडायची आणि गाडी संध्याकाळची, हा नेहमीचा पेच. बहुतेक ठिकाणी सामान काउंटरमागे ठेवू देतात. विचारावं मात्र लागतं. पाकीट, दागिने, लॅपटॉप त्यात ठेवू नये. पिशवी ठेवून पेणच्या बाजारात पापड घ्यावेत, किंवा पेण तालुक्यातलंच गागोदे, विनोबा भाव्यांचं १८९५ सालचं जन्मगाव, पाहून यावं. नदीवरून ओल्या कपड्यांनी परतणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं, तर एखादी रिकामी खोली तासाभरासाठी थोड्या पैशांत आंघोळीला मिळते. घरातल्या सगळ्यांना ती एकच पुरते.

बिल आदल्या रात्री तयार करायला सांगावं. सकाळी सहाला निघणाऱ्याची अर्धी घाई आणि बहुतेक चुका त्यानं टळतात: न घेतलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेला नाश्ता. खोली सोडताना पलंगाखाली, न्हाणीघराच्या खुंटीवर आणि चार्जिंगच्या बटणापाशी नजर टाकावी. विसरलेल्या वस्तू याच तीन जागी सापडतात. आणि मुक्काम चांगला झाला असेल तर हॉटेलचा थेट नंबर फोनमध्ये गावाच्या नावासकट ठेवावा, शेजारी खोलीचा क्रमांकही लिहावा. पुढच्या वेळी ‘मागच्या बाजूची २०४ द्या’ असं सांगता आलं की हॉटेल शोधण्याचं कामच उरत नाही, आणि काउंटरवरचा माणूसही आपल्याला अनोळखी गिऱ्हाईक समजत नाही.